क्षेत्रखोली आणि ऑटोफोकस (डिजिटल छायाचित्रण)

क्षेत्रखोली म्हणजे छायाचित्रात पुरेसा सुस्पष्ट दिसणारा, कॅमेऱ्यापासून जवळच्या व दूरच्या अशा दोन मर्यादांमधील पट्टा होय. छायाचित्रकारांच्या बोलण्यात तिला 'डेप्थ ऑफ फील्ड' असेच म्हटले जाते. ऑटोफोकस म्हणजे भिंग पुढे-मागे सरकवून हा पट्टा अपेक्षित विषयावर आपोआप आणणारी कॅमेऱ्यातील यंत्रणा होय. या दोन गोष्टी बहुधा स्वतंत्रपणे शिकवल्या जातात, पण प्रत्यक्षात त्या एकमेकींवर अवलंबून असतात. पट्टा जितका अरुंद, तितकी ऑटोफोकसची चूक कमी खपते. पट्टा रुंद असेल, तर थोडी चूक झाकली जाते.

हा विषय महत्त्वाचा असण्याचे आणखी एक कारण आहे. डिजिटल छायाचित्रातील प्रकाशमान, रंग किंवा चौकट नंतर संगणकावर बऱ्याच अंशी सुधारता येते. फोकस चुकल्यामुळे नोंदलाच न गेलेला तपशील मात्र नंतर खऱ्या अर्थाने परत आणता येत नाही. त्यामुळे हस्तलिखितांचे जतन, वैद्यकीय नोंदी, वन्यजीवांचे निरीक्षण किंवा वृत्तछायाचित्रण यांसारख्या कामांत फोकसचा निर्णय छायाचित्र घेण्याच्या क्षणीच अचूक व्हावा लागतो.

सुस्पष्टतेची संकल्पना

भिंग एका वेळी एकाच अंतरावरील प्रतल संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर, काटेकोरपणे फोकस करू शकते. त्या प्रतलातील बिंदूची प्रतिमा बिंदूच्या स्वरूपात पडते. त्याच्या पुढील किंवा मागील बिंदूची प्रतिमा मात्र लहानशा चकतीच्या स्वरूपात पडते. या चकतीला अस्पष्टता-वर्तुळ म्हणता येईल. चकती पुरेशी लहान असेल, तर अंतिम छायाचित्र पाहणाऱ्या डोळ्याला ती बिंदूसारखीच वाटते. जिथे ती डोळ्याला जाणवण्याइतकी मोठी होते, तिथे क्षेत्रखोली संपते असे मानतात.

याचा अर्थ क्षेत्रखोलीच्या कडा भिंतीसारख्या नसतात. सुस्पष्टता फोकस-प्रतलापासून दोन्ही बाजूंना हळूहळू कमी होत जाते आणि 'पुरेसे सुस्पष्ट' म्हणजे किती, हे संकेताने ठरवलेले असते. ३६ × २४ मिलीमीटर आकाराच्या फुल फ्रेम सेन्सरसाठी अस्पष्टता-वर्तुळाचा ग्राह्य व्यास सामान्यतः ०.०३ मिलीमीटर धरतात. एपीएस-सी आकाराच्या लहान सेन्सरसाठी तो सुमारे ०.०२ मिलीमीटर असतो, कारण लहान सेन्सरवरील प्रतिमा त्याच आकाराच्या छापील चित्रासाठी अधिक मोठी करावी लागते. हे संकेत मध्यम आकाराची छापील प्रत नेहमीच्या अंतरावरून पाहिली जाईल, असे गृहीत धरून ठरले आहेत. तेच चित्र भित्तिचित्राइतके मोठे करून जवळून पाहिले किंवा पडद्यावर शंभर टक्के आकारात तपासले, तर सुस्पष्ट भासणारा पट्टा आक्रसतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.००६ मिलीमीटर असते. म्हणजे संकेतानुसार 'सुस्पष्ट' मानलेला बिंदू प्रत्यक्षात पाच पिक्सेल रुंद असू शकतो.

क्षेत्रखोली ठरवणारे घटक

ॲपर्चर

भिंगातील पात्यांनी बनलेल्या, लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राला ॲपर्चर म्हणतात. भिंगाच्या नाभीय अंतराला या छिद्राच्या व्यासाने भागले असता एफ-क्रमांक मिळतो. म्हणूनच क्रमांक लहान असेल तेव्हा छिद्र मोठे असते. एफ-क्रमांकांची रूढ मालिका १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ अशी आहे. यातील प्रत्येक पुढची पायरी आधीच्या पायरीपेक्षा निम्मा प्रकाश आत सोडते. छिद्र लहान केले की प्रकाशाचा शंकू निमुळता होतो, अस्पष्टता-वर्तुळे लहान होतात आणि क्षेत्रखोली वाढते.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलीमीटरचे भिंग २ मीटर अंतरावर फोकस केले असता अंदाजे क्षेत्रखोली पुढीलप्रमाणे येते:

• एफ/१.८ – सुमारे १७ सेंटीमीटर (१.९२ ते २.०९ मीटर)
• एफ/८ – सुमारे ७८ सेंटीमीटर (१.६८ ते २.४६ मीटर)
• एफ/१६ – सुमारे १.७४ मीटर (१.४६ ते ३.२० मीटर)

या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट दिसते. पट्ट्याचा एक तृतीयांश भाग फोकस-प्रतलाच्या पुढे व दोन तृतीयांश भाग मागे असतो, हा प्रचलित नियम सर्वत्र लागू पडत नाही. एफ/१.८ ला दोन्ही भाग जवळजवळ समान आहेत, तर एफ/१६ ला मागील भाग पुढील भागाच्या दुपटीहून मोठा आहे. फोकसचे अंतर आणखी वाढवले, तर मागील भाग अनंतापर्यंत पोहोचतो.

अंतर

विषय जितका जवळ, तितकी क्षेत्रखोली कमी. हा परिणाम सूक्ष्मछायाचित्रणात, म्हणजे मॅक्रो प्रकारात, टोकाला जातो. वस्तूची प्रतिमा सेन्सरवर तिच्या मूळ आकाराइतकीच पडत असेल, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ ला क्षेत्रखोली जेमतेम १ मिलीमीटर उरते. अशा वेळी मुंगीचा डोळा सुस्पष्ट असला, तरी तिचे मागचे पाय धूसर दिसू शकतात.

नाभीय अंतर

एकाच जागेवरून लांब नाभीय अंतराचे भिंग वापरल्यास क्षेत्रखोली कमी होते. वरील उदाहरणात ५० ऐवजी १०० मिलीमीटरचे भिंग २ मीटरवर एफ/८ ला वापरले, तर ७८ सेंटीमीटरचा पट्टा सुमारे १८ सेंटीमीटर होतो. मात्र याच भिंगाने ४ मीटरवर मागे सरकून विषय चौकटीत पूर्वीइतकाच मोठा ठेवला, तर पट्टा पुन्हा सुमारे ७६ सेंटीमीटर भरतो. म्हणजेच विषयाचा सेन्सरवरील आकार आणि एफ-क्रमांक कायम असतील, तर साधारण अंतरांवर नाभीय अंतर बदलल्याने क्षेत्रखोलीत फारसा फरक पडत नाही. तरीही लांब भिंगाच्या चित्रात पार्श्वभूमी अधिक विरघळलेली वाटते. याचे कारण असे, की लांब भिंग पार्श्वभूमीचा लहानसा भाग मोठा करून दाखवते आणि त्याबरोबर तिच्यातील अस्पष्टताही मोठी होते.

सेन्सरचा आकार

तीच चौकट व तोच एफ-क्रमांक ठेवला, तर लहान सेन्सरवर क्षेत्रखोली जास्त मिळते, कारण तीच चौकट मिळवण्यासाठी तिथे कमी नाभीय अंतराचे भिंग लागते. फुल फ्रेमच्या तुलनेत दीडपट लहान असलेल्या एपीएस-सी सेन्सरवर ती साधारण दीडपट असते. मोबाइल फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या भिंगाचे प्रत्यक्ष नाभीय अंतर काही मोजक्या मिलीमीटरांचेच असते. त्यामुळे त्यात समोरची व्यक्ती व मागचे दृश्य दोन्ही बऱ्यापैकी सुस्पष्ट येतात. फोनमधील 'पोर्ट्रेट' प्रकारात दिसणारी धूसर पार्श्वभूमी बहुतांशी संगणनाने तयार केलेली असते. केसांच्या बटा, चष्म्याच्या कडा किंवा जाळीदार कापड अशा ठिकाणी हे संगणन चुकल्यास ते लगेच उघडे पडते.

विवर्तनाची मर्यादा

क्षेत्रखोली वाढवण्यासाठी छिद्र कितीही लहान करत जावे, असे नाही. लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते आणि अगदी अचूक फोकस केलेला बिंदूही चकतीच्या रूपात उमटतो. हिरव्या प्रकाशासाठी या चकतीचा व्यास एफ/८ ला सुमारे ०.०११ मिलीमीटर, एफ/१६ ला ०.०२१ मिलीमीटर व एफ/२२ ला जवळजवळ ०.०३ मिलीमीटर असतो. हा शेवटचा आकडा फुल फ्रेमसाठी ग्राह्य धरलेल्या अस्पष्टता-वर्तुळाइतकाच आहे. त्यामुळे एफ/२२ ला पट्टा रुंद होतो, पण त्या पट्ट्यातील कमाल सुस्पष्टता घटते. अनेक भिंगे आपली उत्तम कामगिरी एफ/५.६ ते एफ/११ या टप्प्यात देतात.

दुसरी किंमत प्रकाशाची असते. एफ/२.८ वरून एफ/८ वर जाणे म्हणजे तीन पायऱ्या, म्हणजेच आठपट कमी प्रकाश. तेवढाच प्रकाश मिळवण्यासाठी शटरचा काळ १/५०० सेकंदावरून सुमारे १/६० सेकंदावर आणावा लागतो किंवा आयएसओ आठपट वाढवावा लागतो. पहिल्या मार्गाने विषयाची किंवा हाताची हालचाल चित्रात उतरते, तर दुसऱ्या मार्गाने कणीदारपणा वाढतो. क्षेत्रखोलीसाठी लहान केलेल्या छिद्रामुळे शटर मंदावते आणि चित्र हलते. मग फोकस चुकल्याचा समज होतो. तपासताना चौकटीत कुठेही सुस्पष्ट पट्टा आढळला, तर दोष बहुधा फोकसचा असतो. सर्वच भाग एकाच दिशेने ओढल्यासारखा दिसत असेल, तर कॅमेरा हललेला असतो.

हायपरफोकल अंतर

ज्या अंतरावर फोकस केले असता क्षेत्रखोली नेमकी अनंतापर्यंत पोहोचते, त्या किमान अंतराला हायपरफोकल अंतर म्हणतात. नाभीय अंतराच्या वर्गाला, एफ-क्रमांक व अस्पष्टता-वर्तुळाचा व्यास यांच्या गुणाकाराने भागून आलेल्या संख्येत नाभीय अंतर मिळवले की ते मिळते. २४ मिलीमीटरच्या भिंगासाठी एफ/८ ला हे अंतर सुमारे २.४ मीटर येते. तिथे फोकस केल्यास त्याच्या निम्म्या अंतरापासून, म्हणजे १.२ मीटरपासून, क्षितिजापर्यंतचे सर्व काही संकेतानुसार सुस्पष्ट मानले जाते. ५० मिलीमीटरच्या भिंगासाठी एफ/८ ला तेच अंतर सुमारे १०.५ मीटर असते. पायाशी फुलांचा ताटवा व मागे डोंगररांग असे निसर्गदृश्य टिपताना ही पद्धत उपयोगी ठरते. मात्र या पद्धतीत दूरचा डोंगर क्षेत्रखोलीच्या अगदी काठावर असतो. मोठी प्रत काढायची असल्यास छिद्र एक-दोन पायऱ्या आणखी लहान करावे किंवा फोकस थोडे पलीकडे न्यावे.

ऑटोफोकसचा इतिहास

लायका कंपनीने १९७६ साली जर्मनीतील फोटोकिना प्रदर्शनात स्वयंचलित फोकसचे प्रात्यक्षिक दाखवले. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे १९७७ साली आलेला कोनिका सी३५ एएफ. त्यात हनीवेल कंपनीची यंत्रणा बसवलेली होती. १९७८ साली पोलरॉइडने श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा कॅमेरा आणला. ही पद्धत अंधारातही काम करीत असे, पण काचेच्या खिडकीतून छायाचित्र घेताना प्रतिध्वनी काचेवरूनच परत येई आणि फोकस काचेवर बसे.

पेन्टॅक्स एमई एफ हा ऑटोफोकस असलेला पहिला ३५ मिलीमीटर एसएलआर कॅमेरा १९८१ साली आला. मात्र ही पद्धत खऱ्या अर्थाने रुजली ती १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून. त्यात फोकस तपासणारा संवेदक व भिंग फिरवणारी मोटर दोन्ही कॅमेऱ्याच्या मुख्य भागातच होती. कॅननने १९८७ साली ईओएस मालिका सुरू करताना मोटर प्रत्येक भिंगात बसवली आणि त्यासाठी भिंग जोडण्याची आपली जुनी पद्धत सोडून दिली. डिजिटल काळात, २०१० साली फुजीफिल्मने फेज-भेद ओळखणारे पिक्सेल प्रतिमा-संवेदकावरच बसवले. २०१३ च्या कॅनन ईओएस ७०डी मध्ये प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून जवळजवळ सर्व पिक्सेल फोकससाठी वापरण्याची पद्धत आली.

ऑटोफोकसच्या कार्यपद्धती

कॉन्ट्रास्ट पद्धत

फोकस अचूक असते तेव्हा चित्रातील कडा तीव्र असतात, म्हणजेच शेजारच्या पिक्सेलांमधील उजेड-अंधाराचा फरक सर्वाधिक असतो. कॅमेरा भिंग सरकवत हा फरक मोजत जातो. तो कमाल पातळी ओलांडून घटू लागला की भिंग मागे येऊन कमाल पातळीवर थांबते. मोजमाप प्रत्यक्ष प्रतिमेवरच होत असल्याने ही पद्धत अचूक आहे. परंतु भिंग कोणत्या दिशेला व किती सरकवायचे हे तिला आधी कळत नाही. त्यामुळे ती तुलनेने संथ असते आणि धावणाऱ्या विषयासाठी अपुरी पडते.

फेज-भेद पद्धत

या पद्धतीत भिंगाच्या दोन विरुद्ध बाजूंनी आलेल्या प्रकाशाच्या प्रतिमांची तुलना केली जाते. फोकस बरोबर असेल, तर दोन्ही प्रतिमा एकमेकींशी जुळतात. नसेल, तर त्या परस्परांपासून सरकलेल्या असतात. सरकण्याच्या दिशेवरून फोकस विषयाच्या पुढे आहे की मागे आणि प्रमाणावरून ते किती दूर आहे, हे एकाच मोजमापात कळते. म्हणूनच ही पद्धत वेगवान आहे.

डीएसएलआर कॅमेऱ्यात मुख्य आरशाच्या अंशतः पारदर्शक भागातून गेलेला प्रकाश मागील लहान आरशावरून परावर्तित होऊन तळाशी बसवलेल्या स्वतंत्र संवेदकावर जातो. हा मार्ग व मुख्य सेन्सरकडे जाणारा मार्ग यांच्या लांबीत किंचितही फरक असला, तर फोकस सातत्याने विषयाच्या पुढे किंवा मागे पडते. अनेक डीएसएलआरमध्ये प्रत्येक भिंगासाठी सूक्ष्म दुरुस्तीची सोय असते, ती याच कारणासाठी. मिररलेस कॅमेऱ्यात मोजमाप मुख्य सेन्सरवरच होत असल्याने ही अडचण जवळजवळ उरत नाही.

एकाच दिशेचा फेज-भेद मोजणारा बिंदू एकाच प्रकारच्या, म्हणजे उभ्या किंवा आडव्या, रेषांना चांगला प्रतिसाद देतो. क्रॉस प्रकारचे बिंदू दोन्ही दिशांचा तपशील ओळखतात आणि म्हणून अधिक विश्वासार्ह असतात. डीएसएलआरमध्ये ते बहुधा चौकटीच्या मध्यभागी एकवटलेले असतात.

वापरातील प्रमुख निवडी

ऑटोफोकस वापरताना दोन निर्णय घ्यावे लागतात: फोकस केव्हा करायचे आणि कशावर करायचे.

पहिला निर्णय प्रकाराचा. एकवेळ फोकसमध्ये शटरचे बटण अर्धे दाबले की फोकस लागते व तिथेच स्थिर राहते. निश्चल विषयांसाठी हा प्रकार योग्य आहे. सतत फोकसमध्ये कॅमेरा विषयाचा वेग व दिशा यांचा अंदाज घेत शटर उघडेपर्यंत भिंग सरकवत राहतो. उडणारे पक्षी, खेळाडू व खेळणारी मुले यांसाठी तो लागतो. काही उत्पादक पहिल्या प्रकाराला 'वन शॉट' किंवा 'एएफ-एस' व दुसऱ्याला 'एआय सर्व्हो' किंवा 'एएफ-सी' म्हणतात. अनेक छायाचित्रकार फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून मागील स्वतंत्र बटणाकडे देतात. बटण दाबून धरले की फोकस सतत चालू राहते आणि सोडले की स्थिर होते. त्यामुळे दोन्ही प्रकारांत वारंवार बदल करावा लागत नाही.

दुसरा निर्णय क्षेत्राचा. सर्व बिंदू कॅमेऱ्यावर सोपवल्यास तो अनेकदा सर्वांत जवळची व ठळक वस्तू निवडतो. झाडाच्या फांद्यांआड बसलेला पक्षी टिपताना फोकस फांदीवर बसते, ते यामुळेच. अशा वेळी एकच लहान बिंदू निवडणे श्रेयस्कर. मोकळ्या आकाशात उडणाऱ्या पक्ष्यासाठी मात्र विस्तृत क्षेत्र सोयीचे पडते. नव्या कॅमेऱ्यांत चेहरा, डोळे, प्राणी व वाहने ओळखून त्यांचा माग ठेवण्याची सोय असते.

फोकस करून चौकट बदलण्यातील चूक

मधल्या बिंदूने फोकस करून, बटण अर्धे दाबून ठेवून चौकट बदलणे ही जुनी व सोपी युक्ती आहे. परंतु फोकस अंतरावर नव्हे, तर कॅमेऱ्याच्या सेन्सरला समांतर असलेल्या प्रतलावर लागते. कॅमेरा वळवला की ते प्रतलही वळते. ८५ मिलीमीटरच्या भिंगाने एफ/१.८ ला २ मीटरवरील व्यक्तीच्या डोळ्यावर फोकस करून कॅमेरा १० अंश वळवला, तर फोकस-प्रतल डोळ्याच्या सुमारे ३ सेंटीमीटर मागे जाते. या स्थितीत क्षेत्रखोलीचा पुढील भाग जेमतेम २.८ सेंटीमीटर असतो. परिणामी डोळा मऊ पडतो व कान सुस्पष्ट येतो. एफ/८ ला हीच चूक लक्षातही येत नाही. मोठ्या छिद्रावर काम करताना म्हणूनच फोकस-बिंदूच डोळ्यावर सरकवणे किंवा डोळा ओळखण्याची सोय वापरणे इष्ट.

ऑटोफोकस अयशस्वी ठरण्याची कारणे

फेज-भेद व कॉन्ट्रास्ट या दोन्ही पद्धतींना तपशील लागतो. पुढील परिस्थितींत त्या अडखळतात:

• पांढरी भिंत, धुके किंवा निरभ्र आकाश यांसारखे एकसुरी पृष्ठभाग
• मंद प्रकाश
• जाळी, पिंजऱ्याचे गज किंवा काच यांमागील विषय
• जाळीदार खिडक्या किंवा विटांच्या रांगा यांसारख्या पुनरावृत्त आकृती
• विषयाच्या मागून येणारा तीव्र प्रकाश

अशा वेळी विषयाच्या तितक्याच अंतरावरील एखाद्या ठळक कडेवर फोकस करणे, मोठ्या छिद्राचे भिंग वापरणे किंवा हाताने फोकस करणे हे उपाय आहेत. हाताने फोकस करताना पडद्यावरील प्रतिमा मोठी करून पाहता येते. काही कॅमेरे सुस्पष्ट कडा रंगीत रेषांनी दाखवतात, मात्र या रेषा अंदाजापुरत्याच असतात.

डीएसएलआरच्या दृश्यदर्शकात दृश्य भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून दिसते. छिद्र केवळ चित्र घेण्याच्या क्षणी लहान होते. त्यामुळे निवडलेल्या एफ-क्रमांकाची क्षेत्रखोली आधी दिसत नाही. ती पाहण्यासाठी काही कॅमेऱ्यांवर वेगळे बटण असते. ते दाबल्यावर दृश्य काळवंडते, पण पट्ट्याची कल्पना येते.

क्षेत्रखोलीच्या मर्यादा ओलांडण्याचे उपाय

फोकस-रचनेत, म्हणजे फोकस स्टॅकिंगमध्ये, फोकस थोडेथोडे सरकवत अनेक छायाचित्रे घेतात व त्यांचे सुस्पष्ट भाग संगणकावर एकत्र जोडतात. कीटक, नाणी, दागिने यांच्या छायाचित्रणात ही पद्धत रूढ आहे. विषय हलत असल्यास मात्र ती उपयोगी पडत नाही.

दुसरा उपाय भिंग तिरके करण्याचा. भिंग व सेन्सर समांतर नसतील, तर फोकस-प्रतलही तिरके होते. भिंगाचे प्रतल, प्रतिमेचे प्रतल व फोकस-प्रतल ही तिन्ही एका रेषेत मिळतात. हा नियम ऑस्ट्रियन सैन्यातील अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो. टिल्ट-शिफ्ट भिंगाने फोकस-प्रतल जमिनीला जवळजवळ समांतर झुकवून पायाशी असलेल्या दगडापासून दूरच्या क्षितिजापर्यंतचा भाग मध्यम छिद्रावरही सुस्पष्ट करता येतो. जमिनीपासून उंच उठणारी झाडे किंवा इमारती मात्र या प्रतलाबाहेर जाऊन वरच्या टोकाशी धूसर होऊ शकतात.

छायाचित्रणातील अर्थ

क्षेत्रखोली प्रेक्षकाची नजर कुठे थांबावी हे ठरवते. अरुंद क्षेत्रखोली विषयाला गर्दीतून वेगळे काढते, म्हणून व्यक्तिचित्रांत ती लोकप्रिय आहे. विस्तृत क्षेत्रखोली विषयाला त्याच्या परिसरासह दाखवते व कुठे पाहायचे ते प्रेक्षकावर सोडते. ऑर्सन वेल्स दिग्दर्शित १९४१ सालच्या 'सिटिझन केन' या चित्रपटात छायालेखक ग्रेग टोलंड यांनी पुढील व मागील पात्रे एकाच वेळी सुस्पष्ट ठेवणारी दृश्ये रचली. ती या दुसऱ्या पद्धतीची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. वृत्त व नोंदणीच्या छायाचित्रणात तर हा निर्णय आशयाचाही असतो. पार्श्वभूमी धूसर केली की घटनेचे स्थळ, फलक किंवा उपस्थित माणसेही चित्रातून पुसली जातात.